पन्हळ आणि गटार

मित्रांनो, पत्र्याच्या बालद्या आता फारसे कोणी विकत घेत नाही. त्या पिढीतली मी एक उरलेली आहे.

माझा जन्म रे रोडच्या एका कारखान्यात झाला. कारखाना कसला, वर गळके छप्पर आणि खाली सतत ठोके. कारागिरांनी सपाट पत्रा गोल वळवला, बुडाला दुमड घातली, कानांत जाड सळईची कडी अडकवली आणि मला जस्ताच्या उकळत्या रसात बुडवून काढले. माझ्या अंगावर जस्ताची पांढरी फुले उमटली. त्या वेळी मी फार देखणी दिसत असे, असे मला वाटते. पुढे लालबागच्या बाजारात एका दुकानाबाहेर मला सुतळीला टांगले. तिथे मायाबाईंनी मला पाहिले. त्यांनी बोटाने टिचकी मारली, कान देऊन ऐकले आणि म्हणाल्या, "ही द्या. हिचा आवाज बद्द नाही."

अशी मी नायगावच्या बीडीडी चाळीत आले. खोली एकच. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शिलाई मशीन, कोपऱ्यात मोरी. घरात मायाबाई, त्यांचे पती रामदास आणि मुलगा राजरत्न. पहाटे नळाला पाणी येई तेव्हा मायाबाई मला घेऊन रांगेत उभ्या राहत. संध्याकाळी माझ्यात ऊन पाणी भरून त्या मला मोरीत ठेवत. ते रामदासांसाठी असे.

रामदास आधी गिरणीत होते. संप झाला, गिरणी बुडाली. मग त्यांना एका ठेकेदाराकडे गटारे उपसण्याचे काम मिळाले. "आपल्या माणसाला ते काम मागायला जावं लागत नाही," ते म्हणत, "तेच आपल्याला शोधत येतं." ते घरी आले की कोणाला शिवत नसत. लहानगा राजरत्न हात पसरून धावे, आणि ते मोरीच्या आडून ओरडत, "थांब रे बाळा, अजून वास आहे." दोनदा साबण लावून, माझ्यातले सगळे पाणी संपवून मगच ते पोराला उचलून घेत. पोर खांद्यावर झोपून जाई आणि ते कितीतरी वेळ तसेच उभे राहत.

पोराने या कामाच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, एवढी एकच गोष्ट त्या घरात ठरलेली होती.

राजरत्न मोठा झाला आणि परळच्या उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या एका कंपनीत लागला. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि बाहेरच्या बाजूने लोंबकळत काचा पुसायच्या. मायाबाईंना ते ऐकूनच घाम फुटे. रामदासांना मात्र या कामाचा केवढा अभिमान! निवृत्त झाल्यावर ते दुपारी चालत परळला जात, समोरच्या फुटपाथवर उभे राहून मान वर करून बघत. चहावाल्याला सांगत, "तो निळा शर्ट दिसतो ना, तो माझा मुलगा. वर काम करतो."

त्यानंतर मायाबाई गेल्या. चाळ पाडायला घेतली आणि बिऱ्हाड परळच्या एका भाड्याच्या खोलीत आले. तिथे नळाला दिवसभर पाणी होते आणि न्हाणीघरात प्लास्टिकच्या हलक्या, रंगीत बालद्या होत्या. माझ्यात कांदे-बटाटे ठेवू लागले. कधी कधी तेही नसत. मित्रांनो, रिकाम्या बालदीला दिवस फार मोठा वाटतो.

मला पुन्हा कामाला लावले ते राजेशने. राजेश हा राजरत्नचा जोडीदार. घोडपदेवच्या चाळीत राहणारा, मूळ मालवणकडचा. त्याचे वडील धोंडू गिरणीतच खपले होते, घरी आई गंगुबाई तेवढी. दोघे मित्र एकाच इमारतीवर शेजारशेजारच्या दोरांवर लटकून काम करत. तिथेच, हवेत, त्यांची मैत्री झाली. कंपनीच्या ठेकेदाराला कंटाळून दोघांनी स्वतःचा धंदा काढायचे ठरवले, तेव्हा राजेशने मला गॅलरीतून उचलले आणि कडी दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

"रत्न्या, हीच घेऊ. प्लास्टिकची कडी वरती गेल्यावर निसटते यार. ही बघ, हिला मी लटकलो तरी तुटणार नाही."

मी काचांची बालदी झाले. दादरच्या बंगल्यांच्या खिडक्या, परळची ऑफिसे, गिरगावातल्या डॉक्टरांचे दवाखाने. माझ्यात साबणाचे पाणी, पाण्यात बुडवलेला फडका, कडीला अडकवलेला रबरी वायपर. राजरत्न काच पुसून झाली की मान तिरकी करून उजेडात बघे. एखादा ओघळ राहिला असला तर पुन्हा पुसे. राजेश खालून ओरडे, "अरे आत लग्नाचा फोटो काढायचाय का त्यांना? चल ना!" आणि दोघे हसत. ते माझे खरे सुखाचे दिवस होते. मी त्यांना उगाच मोठे करून सांगत नाही. ते थोडेच होते.

पन्हळीची कल्पनाही राजेशचीच. दादरला आणि गिरगावात अजून उतरत्या कौलांच्या जुन्या इमारती आहेत. त्यांच्या कडेने पत्र्याच्या पन्हळी असतात. छपरावरचे पाणी त्यांत येते आणि पाइपातून खाली जाते. वर्षभर त्यांत पाने, माती, कबुतरांची पिसे साचतात. मग पावसात पन्हळ भरून वाहते, पाणी भिंतीत मुरते आणि आतल्या माणसांच्या डोक्यावर पोपडे पडतात.

"मी मोबाइलवर बघितलं," राजेश म्हणाला. "बाहेरच्या देशात काचवाले गटर पण साफ करतात. तिकडे पन्हळीला गटर म्हणतात. आपण वर चढतोच ना? मग चढलोच आहोत तर दोन्ही कामं करून उतरायचं."

पहिले काम दादरला केले. राजरत्न छपराच्या कडेला बसून पन्हळीतला काळा गाळ माझ्यात भरत होता. गाळात पिंपळाचे एक रोपटे होते, पतंगाचा मांजा होता आणि कोणाचा तरी रबरी चेंडू होता. सगळे उपसून झाल्यावर त्याने वरून पाणी ओतले. ते सळसळत पाइपात गेले आणि खाली धो धो पडले. इमारतीतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. एक आजी म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या पलंगावर गळतंय, आणि हे एवढ्याशा कचऱ्यामुळे होय?" त्या दिवशी मी गाळाने माखलेली होते, पण मला घाण वाटली नाही. तुम्हीच सांगा, छपराजवळच्या चिखलात कसली घाण?

मग राजेशने कार्डे छापून आणली. चकचकीत, निळ्या अक्षरांची. "खिडक्या, काचा व गटर सफाई." ती दाखवायला तो हौसेने परळच्या खोलीवर आला. रामदासांनी चष्मा लावला, कार्ड वाचले आणि ते पलंगावर ठेवून दिले.

"काय काका, आवडलं नाही?"

"हा शब्द काढ," रामदास म्हणाले.

"कुठला? गटर? अहो काका, पन्हळ आता कोणाला कळते? गटर म्हटलं की कसं मॉडर्न वाटतं."

"तुला मॉडर्न वाटतं. लोकांना काय वाटेल ते मला विचार." रामदासांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते सावकाश बोलू लागले. "हे बघ राजा, लोक वर बघत नाहीत. गटर वाचलं की खालीच बघतील. तुम्हाला बोलावतील आणि झाकण दाखवतील. आणि एकदा झाकण उघडलं की कोणीतरी आत जातं. एक पडला म्हणून दुसरा जातो, दुसऱ्यासाठी तिसरा. आत हवा नसते, हे वरून दिसत नाही. रतन, तुला सांगून ठेवतो. पडलेल्याच्या मागे उतरायचं नाही. तो तुझा बाप असला तरी नाही."

राजरत्न मान खाली घालून बसला होता. "बाबा, आम्ही फक्त वरचं करणार आहोत," तो म्हणाला. "पुढच्या वेळी बदलून छापू."

पुढची वेळ आली नाही.

रामदास म्हणाले तसेच झाले. फोन येऊ लागले ते तुंबलेल्या मोऱ्यांचे, संडासाच्या पाइपांचे, चेंबरचे. राजेश आधी हसून टाळायचा. "काकू, आम्ही वरचं गटर करतो हो, खालचं नाही!" पण धंदा नवा होता. नाही म्हणताना त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होऊ लागला होता.

मे महिन्याच्या अखेरीस गिरगावातल्या एका वाडीतून बोलावणे आले. वाडी मोठी, आत ओळीने जुन्या इमारती. सगळ्यांच्या पन्हळी साफ करायच्या आणि काम पसंत पडले तर खिडक्यांचे काम कायमचे यांच्याकडेच येणार. इतके मोठे काम त्यांना कधीच मिळाले नव्हते. सकाळपासून दोघे छपरावर खपले. दुपारी खाली उतरले तेव्हा वाडीचे सेक्रेटरी यशोधनराव सरबताचे पेले घेऊन उभे होते. माणूस सज्जन दिसत होता. थकलेला होता, घामाने डबडबलेला होता.

"वरचं काम छान केलंत," ते म्हणाले. "आता एवढं मागचं चेंबर बघा. आठवडा झाला, तळमजल्यावर घाण पाणी परत येतंय. तिथे दोन म्हातारी माणसं अंथरुणाला खिळलेली आहेत. तक्रार करून करून थकलो. पालिकेची गाळ उपसायची गाडी काही येत नाही."

"साहेब, आम्ही ते करत नाही," राजरत्न म्हणाला.

यशोधनरावांनी खिशातून कार्ड काढले. "इथे तर लिहिलंय."

"ते पन्हळीचं, साहेब."

"पन्हळ असं कुठे लिहिलंय?"

राजेश मध्ये पडला. "बांबू घालून बघतो साहेब. तेवढ्याने सुटलं तर सुटलं." दोघांनी पहारीने झाकण सरकवले. असा भपकारा आला की अंगणातली माणसे मागे झाली. राजेशने बराच वेळ बांबूने ढोसले. पाणी हलले, पण उतरले नाही.

"गोणपाट अडकलंय, दुसरं काही नाही," यशोधनराव नाकाला रुमाल लावून म्हणाले. "आत उतरून तेवढं ओढलं की झालं. तुमच्यापैकी कोण उतरतंय?"

तेव्हा राजेशने राजरत्नकडे पाहिले.

मित्रांनो, मी त्या दोघांच्या मधे ठेवलेली होते. त्या नजरेत वाईट हेतू नव्हता, हे मी तुम्हाला सांगते. ती आपोआप वळली होती. पण ज्याच्याकडे वळली, त्याला ती कळली.

"माझ्याकडे का बघतोस?" राजरत्न म्हणाला.

"नाही रे... म्हणजे, तुझे बाबा ह्याच लाइनमधले ना. तुला जरा माहिती असेल, एवढंच."

राजरत्नचा चेहरा राखेसारखा झाला. "माहिती आहे," तो म्हणाला, "म्हणूनच सांगतो. कोणीच उतरायचं नाही. चल, सामान उचल."

"ठीक आहे," यशोधनराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "जमत नसेल तर कार्डावर लिहू नये. खिडक्यांसाठीही मग दुसरं कोणी बघतो."

राजेशचे कान लाल झाले. काम हातचे जात होते हे खरे, पण त्याहून जास्त त्याला स्वतःचेच शब्द टोचत होते. मित्राला आपण काय बोलून गेलो, ते आता त्याला कळले होते. ते परत घेता येत नव्हते. त्याने शर्ट काढला.

"मी उतरतो. मला काय लाज नाय."

"राज्या, लाजेचं नाही रे. हवा नसते आत. बाबा काय म्हणाले?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

"निदान पट्टा लाव. दोर बांध."

"एवढ्याला पट्टा? चाळीस माळ्यांवर लटकतो रे मी!" तो हसला. राजरत्नने त्याचा दंड धरला, त्याने तो सोडवून घेतला आणि भिंतीतल्या लोखंडी सळ्यांवर पाय ठेवत तो आत उतरला. "बालदी सोड!" आतून आवाज आला. राजरत्नने मला दोराला बांधून खाली सोडले.

आत काळोख होता. गुडघाभर गाळात राजेश उभा होता. त्याने एक लगदा उपसून माझ्यात टाकला, मग दुसरा. मग वाकून त्याने हात खोल घातला आणि कशाला तरी हिसका दिला. गाळ बुडबुडला. राजेशने मान वर केली आणि माझ्या काठाला धरले. "रत्न्या," तो म्हणाला, "खेच..." त्याची बोटे माझ्या काठावर घट्ट आवळली गेली आणि मग एकेक करून सुटली.

वर राजरत्नने दोर खेचला. मीच तेवढी वर आले.

त्याने आत वाकून हाका मारल्या. उत्तर नव्हते. त्याने एक पाय पहिल्या सळीवर ठेवला. भोवती माणसे ओरडत होती, "उतर ना! बघतोस काय? तुझा मित्र आहे ना तो!" तो क्षणभर तसाच थांबला. मग त्याने पाय बाहेर काढला.

ती गोष्ट लोक पुढे कितीतरी दिवस बोलत राहिले.

पुढचे मात्र कोणी बोलले नाही. त्याने अग्निशमन दलाला फोन लावला. बाजूची दोन झाकणे एकट्याने उखडली, वारा आत जावा म्हणून. तो पालथा पडला, दोराला फास केला आणि तो फास राजेशच्या हातात, गळ्याखाली, खांद्यात कुठे तरी अडकावा म्हणून पुन्हा पुन्हा टाकत राहिला. दोर निसटत होता. तो टाकत होता. जवान तोंडाला प्राणवायूचे मुखवटे लावून आले, तेव्हा त्यांना त्याला ओढून बाजूला करावे लागले. त्यांनी राजेशला वर काढले. इस्पितळात नेले. पण तो आधीच गेला होता.

पोलिसांनी पंचनामा केला आणि मला, दोराला व पहारीला ठाण्यात आणून मागच्या पडवीत ठेवले. तेव्हापासून मी इथे आहे. पडवीत एक बाक आहे, आणि बाकाच्या वरच्या खिडकीपलीकडे फौजदार अक्षता मॅडमचे टेबल. त्यामुळे आतले सगळे मला ऐकू येते.

दुसऱ्या दिवशी यशोधनरावांनी जबाब दिला. मुले खिडक्यांच्या कामाला आली होती. झाकण त्यांनीच कशाला तरी उघडले. एकाचा शिडीवरून पाय घसरला आणि तो आत पडला. आम्ही कोणी उतरायला सांगितले नाही. बाहेर आल्यावर ते बाकावर बसलेल्या राजरत्नजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही दोघं भागीदार. त्याला कामावर आणणारे तुम्हीच ठरता. भलतंसलतं लिहून दिलंत तर आधी तुम्ही अडकाल. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

मग गंगुबाई आल्या. त्यांना दोन बायकांनी धरून आणले होते. त्या राजरत्नशेजारी बाकावर बसल्या आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. रामदास पलीकडच्या टोकाला बसले होते.

"रतन, तू पण शिडीवरसून पडलो असांच सांग," गंगुबाई म्हणाल्या. "माझो झील गेलो तो गेलो. पण गटारात मेलो असां गावात कळलां, तर मी तोंड खंय दाखवू? आमच्या घराण्यात असलां काम कोणी करूक नाय रे."

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांना रामदास दिसले. पदर तोंडात कोंबून त्या म्हणाल्या, "रामदासभाऊ, मी तुमका नाय बोललंय."

"माहीत आहे, वहिनी," रामदास म्हणाले.

बायका गंगुबाईंना पाणी पाजायला घेऊन गेल्या. मग रामदास समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "माझ्याबरोबरचे जे गेले ना रतन, ते सगळे कागदावर पाय घसरूनच गेले. एकही गटारात मेला नाही. घरच्यांनाही तेच बरं वाटायचं. आम्हीही तेच लिहून द्यायचो." ते खोकले. "पण ती आई आहे. तुझं तू ठरव."

आतून हाक आली. राजरत्न उठला. त्याने जे झाले ते सांगितले. झाकण आम्ही दोघांनी सरकवले. सेक्रेटरींनी उतरायला सांगितले. राजेश उतरला. पट्टा लावला नाही, मी लावायला भाग पाडले नाही. तो पडला आणि मी उतरलो नाही. एका गोष्टीबद्दल मात्र तो बोलला नाही. राजेशने त्याच्याकडे कसे पाहिले, ते त्याने सांगितले नाही.

अक्षता मॅडमनी लेखणी खाली ठेवली. "माणूस आत उतरवायला कायद्याने बंदी आहे. हे तुमच्यावरही येईल, माहिती आहे ना?"

"हो."

बाहेर गंगुबाईंना कळले. त्यांनी कपाळ बडवून घेतले. "माझो झील खाल्लंस," त्या त्याच्या तोंडावर म्हणाल्या, "आता तेचा नाव पण खाल्लंस!"

यशोधनरावांवर गुन्हा नोंदला गेला, तसाच राजरत्नवरही. दोघांना जामीन मिळाला. राजरत्नने दर सोमवारी ठाण्यात येऊन हजेरी द्यायची, असे ठरले. पट्टे, दोर विकले गेले. केस चालू असलेल्या माणसाला उंचावर कोणी घेईना. तो आता एका दुकानाच्या फरशा पुसतो, असे हवालदाराला सांगताना मी ऐकले. रामदास हल्ली घराबाहेर पडत नाहीत.

पावसाळ्यात पडवीत पाणी येई. माझ्या बुडाला गंज धरला. राजरत्न सोमवारी येई, सही करी, जाताना एकदा माझ्याकडे बघे. जवळ कधी आला नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही.

दिवाळीच्या आधी एका सोमवारी गंगुबाई एकट्याच आल्या. पार वाळून गेल्या होत्या. आत जाऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, माझो जबाब बदलूचो हा."

"तेव्हा तुम्ही शिडी म्हणाला होतात," अक्षता मॅडम म्हणाल्या.

"म्हटलंय. तेराव्याक गावात गेलंय, तर लोक कुजबुजत होते. शिडीवरसून पडलो म्हणजे पिऊन चढलो असतलो. माझ्या समोर म्हणाक लागले." त्यांचा आवाज फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. "बाई, माझो झील चाळीस माळ्यांवर दोरीक लटकान काम करी. तो शिडीवरसून पडतलो? लिवा तुम्ही. तेचो पाय घसराक नाय. तो गटारात उतरलो, थंय हवा नव्हती, म्हणान मेलो. गटारच लिवा. दुसरो शब्द लिवू नका."

बाहेर बाकावर राजरत्न हजेरीसाठी बसला होता. त्याने सगळे ऐकले होते. गंगुबाई बाहेर आल्या तेव्हा तो उभा राहिला.

"मावशी."

त्या थांबल्या. "तू आत जावक नाय," त्या म्हणाल्या.

"नाही गेलो."

"गेलो असतंस तर?"

"तर तुमच्या शेजारी माझे बाबा रडत बसले असते."

गंगुबाईंनी त्याच्याकडे पाहिले. "माका कळता रे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या मनाक पटणा नाय." मग पायऱ्या उतरता उतरता, मागे न बघता म्हणाल्या, "माका परत सहीक बोलवलां हा. तू येतंस त्या सोमवारी मी येवचंय नाय."

राजरत्न आत सही करून आला आणि फाटकापाशी थांबला. त्या रस्ता ओलांडून दिसेनाशा झाल्यावरच तो बाहेर पडला.

मित्रांनो, माझ्या बुडाला आता भोक पडले आहे. खटला संपेपर्यंत मला इथेच राहायचे आहे, आणि नंतर मला भंगारात काढतील. त्याचे दुःख करू नका. पत्रा वितळवला की पुन्हा पत्रा होतो. तुमच्या घरी पत्र्याची बालदी असेल तर तिला कोरडी ठेवा, एवढेच तिच्यासाठी पुरे. पण एखाद्या दिवशी तुमच्या इमारतीचे चेंबर तुंबेल. घाण पाणी उंबऱ्याशी येईल, घरात म्हातारी माणसे असतील, आणि यंत्राची गाडी येणार नाही. त्या वेळी दारात कोणी काच पुसणारा, कोणी कुरिअरवाला, कोणी गरजू माणूस उभा असेल. त्याला आत उतरायला सांगू नका. तो आपणहून तयार झाला, तरी झाकण उघडू देऊ नका. पुन्हा फोन करा, भांडा, गाडीवाल्यांच्या दारात जाऊन बसा, आणि गाडी येईपर्यंत नाक धरून दिवस काढा. नाक धरल्याने आजवर कोणी मेलेले नाही.